बँक स्थानकातील गर्दीवर लंडनने शोधलेला उपाय

लंडनच्या ‘सिटी’ या आर्थिक केंद्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा कधी ना कधी बँक स्थानकाशी संबंध येतोच. नॉर्दर्न, सेंट्रल आणि वॉटर्लू अँड सिटी या भुयारी मार्गिका, डॉकलंड्स लाइट रेल्वे, शिवाय जोडूनच असलेल्या मॉन्युमेंट स्थानकातील डिस्ट्रिक्ट व सर्कल मार्गिका, असा मोठा पसारा इथे जमिनीखाली एकत्र येतो. त्यातही नॉर्दर्न लाइनचे फलाट फार अरुंद होते. उतरणारे, चढणारे आणि गाडी बदलण्यासाठी धावणारे सगळे एकाच चिंचोळ्या जागेत अडकत आणि गर्दी हाताबाहेर जाऊ लागली की बाहेरच्या प्रवाशांना काही काळ आत सोडले जात नसे. दादरच्या पुलावर समोरासमोर भिडणारे लोंढे ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना याची कल्पना सहज येईल.

अशा ठिकाणी केवळ गाड्या वाढवल्या असत्या तर त्याच अरुंद फलाटावर आणखी माणसे येऊन उतरली असती. म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी नवे भुयार आणि नवा, रुंद फलाट खोदण्यात आला. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यापुढचा विचार: दक्षिणेकडच्या जुन्या भुयारातील रुळांची जागा बुजवून तिथे प्रवाशांना वावरण्यासाठी प्रशस्त मार्ग केला गेला, त्यामुळे शेजारच्या उत्तरेकडील फलाटालाही मोकळीक मिळाली. नवे भुयार मूळ मार्गाला जोडण्यासाठी 15 जानेवारी 2022 पासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत मूरगेट ते केनिंग्टन ही सेवा बंद ठेवावी लागली. त्या काळात सगळ्यांचीच गैरसोय झाली, पण ती सोसण्याजोगी होती असे माझे मत आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये कॅनन स्ट्रीटवरील नवे प्रवेशद्वार उघडले. बारा नवे सरकते जिने, नॉर्दर्न आणि सेंट्रल मार्गिकांच्या दरम्यान सरकता पट्टा आणि नॉर्दर्न लाइनच्या फलाटांपर्यंत पायरीविना नेणाऱ्या लिफ्ट या कामात झाल्या. सुमारे 70 कोटी पौंड खर्चून स्थानकाची क्षमता 40 टक्क्यांनी वाढली, असे लंडनची वाहतूक यंत्रणा सांगते. एवढा खर्च होण्याचे एक कारण डोक्यावरच उभे आहे: लॉर्ड मेयरांचे निवासस्थान आणि अठराव्या शतकातील सेंट मेरी वूलनॉथ चर्च यांसारख्या जुन्या वास्तूंना धक्का न लावता त्यांच्या परिसरात खोदकाम करायचे होते.

सेंट्रल लाइनचे फलाट मात्र तसेच राहिले आहेत. सन 1900 मध्ये सुरू झालेला तो मार्ग वरच्या रस्त्यांना धरून वळणे घेत जातो, त्यामुळे बँकमधील त्याच्या फलाटाला तीव्र वळण आहे आणि गाडी व फलाट यांच्यात मोठी फट राहते. चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला तिथे आजही पायरीविना पोहोचता येत नाही.