तुम्ही विचारलंत म्हणून: लस दिली, चुना टाकला, तरी मानमोडी येते कशी?

इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडच्या कोंबड्यांच्या शेडवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. राणीखेत, म्हणजे कोंबड्यांची मानमोडी, हा विषाणूचा रोग बहुधा माणसाच्या हातापायांनीच आत येतो: चपलेला चिकटलेली विष्ठा, दुसऱ्या फार्मवरून आलेले क्रेट, खाद्याची जुनी पोती, अंड्यांचे कागदी ट्रे.

दारातल्या चुन्यावर फार विसंबू नका. विष्ठेने माखलेला बूट जंतुनाशकात बुडवला तर घाणच औषध निकामी करते. आधी ब्रशने धुवा, मग बुडवा, आणि ते पाणी रोज बदला. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दारात आडवा बुटका ओटा. बाहेरची चप्पल ओट्याबाहेर काढायची, पाय पलीकडे टाकून आतले गमबूट घालायचे. प्रत्येक शेडचे गमबूट वेगळ्या रंगाचे ठेवा. पैसे कमी असतील तर पहिला खर्च हाच करावा. फेरीत लहान पिल्लं आधी, आजारी पक्षी सगळ्यांत शेवटी.

लस फुकट जाते ती बहुधा पाण्यामुळे. नर्मदेच्या नळाला क्लोरीन असतं आणि क्लोरीनने लासोटा ही राणीखेतची जिवंत लस मरते. त्या दिवशी बिनक्लोरीनचं पाणी घ्या. लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर घालून वीस मिनिटं थांबा, मग लस मिसळा. पक्ष्यांना आधी तास-दीड तास तहानलेलं ठेवा, कडक उन्हात त्याहून कमी. पाणी दोन तासांत संपेल इतकंच द्या. एरवी मात्र क्लोरीन हवंच: हजार लिटरला दहा ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर.

दुसरं कारण गंबोरो हा पिल्लांचा विषाणूजन्य रोग. तो पिल्लांची प्रतिकारशक्तीच खचवतो, मग लासोटा दिलेली असूनही लागत नाही. त्याचा विषाणू रिकाम्या शेडमध्ये महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून पक्ष्यांची बॅच गेली की खाली अंथरलेलं सगळं तूस बाहेर, साबणाच्या पाण्याने धुणं, पूर्ण वाळवणं आणि मगच जंतुनाशक. ओल्या जमिनीवर औषध पातळ होतं. पुढे किमान चौदा दिवस शेड रिकामं.

बर्ड फ्लूवर लसीचा आधार नाही. साथ आली की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात. डिसेंबर २०२० मध्ये इथेच इंदूरला डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले आणि त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू सापडला. चिमणीही शिरणार नाही अशी बारीक जाळी लावा, सांडलेलं खाद्य रोज उचला. रोजची मर, म्हणजे मेलेले पक्षी, विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात, चुन्याच्या थरांत पुरा. अचानक बरेच पक्षी मेले तर ते फाडून पाहू नका, उरलेले विकूही नका. सरकारी पशुवैद्यकाला बोलवा, आणि ते येईपर्यंत फार्मवरून गाडी बाहेर सोडू नका.