टक्के वाढले, पाणी घटलं

पावसाचं पाणी मुळात कुठून बाष्प होऊन आलं, समुद्रातून की जमिनीवरून, हे दाखवणारे दुष्काळी जुलै आणि सरासरी जुलै असे दोन नकाशे शेजारी लावले, आणि पहिली प्रतिक्रिया आली: "समुद्राचा वाटा वाढलाय." आकडा बरोबर होता, पण अर्थ फसवा, कारण दोन्ही नकाशे टक्क्यांत होते.

समजा, एरवी ८० मिमी पाऊस पडतो, त्यातलं ४८ समुद्राचं आणि ३२ जमिनीचं. दुष्काळात पडला २५, त्यात समुद्राचे १९ आणि जमिनीचे ६. समुद्राचा वाटा ६० टक्क्यांवरून ७६ वर गेला, पण समुद्राकडून आलेलं पाणी निम्म्याहून कमी झालं. स्रोत सरकला असं म्हणण्याआधी मिमीचा नकाशा काढायचा, तो यासाठी.

आमचं गणित नेहमीचंच. ईआरए५ चे (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून तयार केलेल्या हवामान-नोंदींचे) वारे आणि आर्द्रता दर ६ तासांनी घेऊन, पाऊस देणारी हवेची पार्सलं, म्हणजे हवेचे छोटे कल्पित गोळे, आलेल्या वाटेने १० दिवस मागे नेली. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर आणि विशिष्ट आर्द्रता (किलोभर हवेत किती ग्रॅम बाष्प) घटती, तर पाऊस धरायचा. मागच्या वाटेवर ६ तासांत किलोमागे ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त वाढ दिसली की तिथे बाष्प उचललं. वाटेत पाऊस पडला तर जुनी जमा कापावी लागते: आर्द्रता ५ वरून ३ झाली, तर आधीच्या प्रत्येक नोंदीला ०.६ ने गुणायचं. हे गुणायचं राहिलं तर दूरचा समुद्र उगाच मोठा दिसतो.

खरी अडचण पुढे होती. दुष्काळात उच्च दाबाखाली हवा वरून खाली येते, तिथेच घुटमळते. सीमाथराच्या, म्हणजे जमिनीलगत घुसळणाऱ्या हवेच्या थराच्या, वर झालेली वाढ खालच्या जमिनीच्या नावावर बिनधास्त टाकता येत नाही. शिवाय पावसाच्या नोंदीच मोजक्या. दोन-चार वादळी सरींवर अख्खा नकाशा उभा राहतो. साहजिकच स्रोत न सापडलेलं बाष्प वाढलं. आमच्या कोडमध्ये शेवटी सगळं १०० टक्क्यांवर ताणणारी एक ओळ होती, आणि तिने ही उरलेली रक्कम गुपचूप बाकीच्यांत वाटून टाकली होती. ती ओळ काढली आणि 'अज्ञात' हा रकाना वेगळा ठेवला.

जमिनीच्या बाष्पीभवनाबद्दल मला जास्त संशय होता. कोरड्या तापत्या हवेत ते सुरुवातीला वाढतं. मातीतलं पाणी संपत आलं की कोसळतं. युरोपात २००३ मध्ये वसंतातच पाऊस तुटला होता, त्यामुळे उन्हाळ्याच्या ऐन उष्णतेत माती आधीच सुकलेली होती. महिन्याची सरासरी हा उतार पुसून टाकते, म्हणून दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडले. त्यातही ईआरए५ मध्ये सिंचन नाही, आणि निरीक्षणांशी जुळवताना मॉडेलच्या मातीत पाणी घातलं-काढलं जातं, त्यामुळे जमाखर्च पुरता जुळत नाही. बाष्पीभवनाची चिन्हंही उलटी असतात, वर जाणारं ऋण. नवख्याने पहिल्या दिवशी हमखास चुकावं असं हे ठिकाण!

शेवटच्या नकाशात सरासरी जुलैच्या तुलनेत समुद्र आणि जमीन दोन्ही मिमीत उणे होते, जमीन जास्त उणे. बाजूला 'अज्ञात'चा राखाडी पट्टा, सरासरी जुलैपेक्षा रुंद.