कुंपणाचं उरलेलं सीडर आणि स्क्रोल सॉ

तुम्ही विचारलंत म्हणून. अमेरिकेत घराचं कुंपण बदललं की गराजमध्ये उरलेल्या सीडरच्या फळ्या बघून हा प्रश्न येतोच: यातून स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याने नक्षी कापणाऱ्या यंत्रावर, काही होईल का? होईल, पण नाजूक जाळीचा गणपती नको.

वेस्टर्न रेड सीडर हलकं, मऊ आणि रेषेवर, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने, चटकन चिरणारं लाकूड. सोंडेसारखा बारीक भाग रेषेला आडवा आला, तर पॉलिश पेपर लावतानाच तुटतो. त्यापेक्षा इंटार्सिया करा, म्हणजे वेगवेगळ्या छटांचे तुकडे कापून जुळवलेलं चित्र. याच फळ्यांत पिवळट पांढऱ्यापासून गुलाबी, विटकरी, गडद तपकिरीपर्यंत छटा सापडतात. रंग द्यावाच लागत नाही.

आधी फळी सीडरचीच आहे ना, ते बघा. औषध मुरवलेल्या पाइनला तपकिरी करून तशाच फळ्या विकतात, आणि तो भुसा घरात नको. टोक कापून हुंगा. सीडरचा वास लपत नाही.

फळ्या बहुधा ओल्याच मिळतात. मध्ये पट्ट्या घालून घरात थप्पी लावा आणि ओलावा दहा टक्क्यांखाली येईपर्यंत हात लावू नका. नाहीतर नेटके जुळलेले तुकडे नंतर आकसतात आणि फटी पडतात. मग पाच सुताची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फळी दोन्ही बाजूंनी रंधून चार सुतावर आणा.

पातं पाच नंबरचं, खाली काही उलटे दात असलेलं घ्या. साध्या पात्याने खालच्या बाजूला कुसळं निघतात. खरी अडचण वेगळीच. सीडरमध्ये मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून असतात. पातं मऊ भागातून सुळकन जातं आणि कडक रेघ लागली की तिच्या कडेने वाहवत जातं. म्हणून पात्याचा ताण जरा जास्त, हात सावकाश. घासतानाही तेच: नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ पट्टे खोल जातात. पेपर ठोकळ्याला गुंडाळा, आधी 120 नंबरचा, मग 220 चा.

भुसा हलक्यात घेऊ नका. त्यातल्या प्लिकॅटिक आम्लामुळे लाकूड गिरण्यांतल्या कामगारांना दमा झालेला आहे. एन-95 मास्क आणि व्हॅक्यूम, दोन्ही हवेत. तान्ह्या बाळाची खेळणी आणि स्वयंपाकाच्या वस्तू याच्या करू नयेत.

तुकडे एक सुती प्लायवुडवर चिकटवा. खिळे लागलेच तर स्टेनलेसचे, कारण साधं लोखंड ओलाव्यात निळेकाळे डाग पाडतं. पाण्यातलं वार्निश थेट लावलं तर लाकडातला तपकिरी रंग वर येतो, म्हणून आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात द्या.