बॅकयार्डमधल्या घराचे खरे पैसे जमिनीखाली जातात

इकडे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात सध्या बरेच मराठी लोक आई-बाबांसाठी मागच्या अंगणात एडीयू (म्हणजे मुख्य घराच्याच जागेत वेगळं छोटं घर) बांधायचं बघतायत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, प्रीफॅब (कारखान्यात तयार झालेलं) घेऊ की कॉन्ट्रॅक्टरकडून बांधून घेऊ. अहो ते नंतर! आधी ड्रेनेज लाईन कुठून जाते ते बघा.

सांडपाण्याच्या पाईपला साधारण फुटाला पाव इंच उतार लागतो, म्हणजे ८० फुटांवर २० इंच. अंगण रस्त्यापेक्षा खाली असेल तर तेवढा उतार मिळतच नाही, मग पंप बसवावा लागतो, आणि लाईट गेले की पंप बंद, त्यात म्हातारी माणसं राहणार असतील तर हे आधीच माहीत असलेलं बरं. जुन्या घरांची लाईन मातीच्या पाईपची असते, जॉइंटमधून झाडांची मुळं आत शिरलेली असतात, त्यामुळे डिझाईनला पैसे देण्याआधी त्यात कॅमेरा घालून बघाच. ईस्ट बेमधल्या (ओकलंड-बर्कलीच्या बाजूच्या) बऱ्याच शहरांत काम १ लाख डॉलरच्या वर गेलं की लाईन गळत नाही असं सर्टिफिकेटच लागतं, आणि एडीयू १ लाखात होत नाही.

मग वीज. जुन्या घरात बऱ्याचदा १०० अँपचं पॅनेल असतं, त्यात हीट पंप (विजेवर घर गरम-थंड करणारं यंत्र), इंडक्शन आणि गाडीचा चार्जर आला की २०० अँप करा म्हणतात, आणि रस्त्यावरून येणारी केबलच बदलायची निघाली तर वीज कंपनीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. पण आधी नीट लोड कॅल्क्युलेशन (सगळं मिळून किती वीज लागेल याचा हिशोब) करून घ्या, साध्या प्लगवर चालणारा १२० व्होल्टचा हीट पंप वॉटर हीटर घेऊन कधीकधी ते सगळं टळतं.

माती बऱ्याच ठिकाणी आपल्या काळ्या मातीसारखी, पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून सॉइल रिपोर्ट आणि खोल फाउंडेशन.

२०२० पासून ७५० स्क्वेअर फुटांपेक्षा लहान एडीयूला इंपॅक्ट फी (नव्या बांधकामाचा रस्ते, बागा वगैरेंवर भार पडतो म्हणून घेतली जाणारी फी) नाही ही खरंच मोठी सोय आहे, पण खड्डा खणायचे पैसे त्यात माफ होत नाहीत.

कोटेशनमध्ये ट्रेंच किती फूट, निघालेली माती कोण नेणार, फोडलेला ड्राइव्हवे कोण भरून देणार, हे सगळं लिहून घ्या. "साईट वर्क वेगळं" (म्हणजे हे जमिनीतलं सगळं काम वेगळ्या पैशात) एवढंच लिहिलं असेल तर प्लीज सही करू नका.