गिरणगाव, बुसान, चितगाव

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या चाळीत गिरण्या कोणी बुडवल्या यावर वाद होत राहिले. कोणी मालकांना दोष देई, कोणी युनियनला. मला मात्र वाटते की या दुखण्याचे मूळ संपाच्या बरेच आधीचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या सुताचा मोठा हिस्सा चीनला जात असे. ती बाजारपेठ पुढे जपानी गिरण्यांनी घेतली. स्वातंत्र्यानंतर हातमाग विणकरांचा रोजगार टिकावा या प्रामाणिक हेतूने 1956 पासून गिरण्यांतील माग वाढवण्यावर निर्बंध आले, तर तयार कपडे शिवण्याचा धंदा लघुउद्योगांसाठी राखून ठेवला गेला आणि ते आरक्षण 2000 सालापर्यंत उठले नाही. निर्यातीचा विचार झालाच नाही असे नव्हे. आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांची वेगळी वसाहत, 1965 साली कांडल्याला उभे राहिले आणि 1973 साली अंधेरीत सीप्झ हे तसेच क्षेत्र आले. पण ही कुंपणाआडची बेटे होती, आणि कुंपणाबाहेरच्या कारखान्याला परदेशी गिऱ्हाइकाचे तोंड पाहण्याची गरजच पडत नव्हती.

दक्षिण कोरियाने नेमकी हीच गरज निर्माण केली. स्वस्त कर्ज तिथेही मिळे, परंतु ते निर्यातीशी बांधलेले असे, आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही दरमहा निर्यातीच्या आढावा बैठकीला स्वतः बसत. 1964 मध्ये 10 कोटी डॉलर असलेली निर्यात 1977 मध्ये 1000 कोटी डॉलरवर गेली. ती राजवट हुकूमशाहीची होती आणि कामगारांनी तिची जबर किंमत मोजली, हे मी विसरू इच्छित नाही. मात्र सवलतीच्या बदल्यात काम मागण्यासाठी हुकूमशाही लागते, असे मला पटत नाही.

त्याहून मोलाची मला बांगलादेशाची हकीकत वाटते. देश गारमेंट्स या कंपनीने 1979 साली 130 जणांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कोरियातील बुसानला, देवू कंपनीच्या कारखान्यात पाठवले. ते चितगावला परतले आणि 1980 मध्ये कंपनीने 43 हजार शर्ट निर्यात केले. पुढच्या काही वर्षांत त्यांतील बहुतेकांनी नोकरी सोडली, कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. शिवणीतली बारीक चूक दिसताच माल परत करणाऱ्या ग्राहकासाठी काम कसे करायचे, ही विद्या अशी माणसांबरोबर देशभर पसरली. आज त्या देशाच्या निर्यातीत 80 टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, हेही त्याच वाढीच्या हिशेबात धरावे लागते.

संपानंतर वडील भिवंडीला यंत्रमागावर लागले. तिथले कित्येक साचे गिरण्यांनीच मोडीत काढलेले होते आणि कापड मुंबईच्याच मूळजी जेठा मार्केट या कापडबाजारात जाई. तीस वर्षांच्या त्यांच्या कामात एकही थान दोषासाठी परत आले नाही, असे ते अभिमानाने सांगत. ते निर्दोष होते की मागणाऱ्याने कधी नीट पाहिलेच नाही, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.