उद्या काय करून राहिला?

इंग्रजीत भविष्यकाळच नाही, असं आमच्या इंग्रजीच्या सरांनी आठवीच्या वर्गात सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. तोवर आम्ही गाईडातला तक्ता घोकत होतो: आय शॅल, वी शॅल, यू विल, ही विल. सरांनी फळ्यावर मराठीत लिहिलं, पेरीन, पेरशील, पेरेल. इथं क्रियापदच रूप बदलतं. इंग्रजी क्रियापदाला स्वतःची रूपं आहेत ती वर्तमानाची आणि भूतकाळाची. पुढचं सांगायचं तर त्याला दुसऱ्या कुणाचा तरी आधार लागतो, आणि तो आधार एकच नसतो.

मग कोणता आधार कधी घ्यायचा? सरांचा प्रश्न ठरलेला असायचा: "गोष्ट ठरली कधी, अन् किती पक्की ठरली?" आज मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. व्याकरणाची बरीच जाडजूड पुस्तकं चाळून झाली, पण भविष्यकाळाची याहून चांगली किल्ली मला सापडलेली नाही.

माठात पाणी नाही असं कोणी म्हटलं आणि तुम्ही लगेच उठलात, तर 'आय विल फेच सम'. निर्णय आत्ता, बोलता बोलता झाला. पण बाबांनी बियाण्याच्या थैल्या आधीच घरात आणून ठेवल्या असतील, तर 'माय फादर इज गोइंग टू सो कॉटन'. बेत आधीचा आहे. पावसाचंही तसंच. नुसता अंदाज असेल तर 'आय थिंक इट विल रेन' चालतं; पण एकदा खिडकीबाहेर काळंभोर आभाळ दाखवून सर म्हणाले, "ढग दिसून राहिले ना? मंग 'गोइंग टू' म्हण." डोळ्यांसमोर पुरावा असला की 'गोइंग टू'.

सरांचा खरा मोठेपणा मला पुढच्या पायरीवर दिसतो. तारीख काढली, मंडप सांगितला, पत्रिका वाटल्या, अशी सगळी जुळवाजुळव झालेली गोष्ट इंग्रजी माणूस चालू वर्तमानकाळात सांगतो: 'माय सिस्टर इज गेटिंग मॅरिड ऑन अक्षय तृतीया'. पुण्या-मुंबईकडच्या मुलांना हे समजावताना घाम फुटतो. आम्हाला समजावावंच लागलं नाही. सरांनी एका मुलाला विचारलं, "उद्या काय करून राहिला?" तो म्हणाला, "यवतमाळले जाऊन राहिलो." आमच्या वऱ्हाडीत 'जाऊन राहिलो' म्हणजे 'जातो आहे'. झालं, नियम आमच्या तोंडातच होता! ज्या बोलीला बाहेर लोक हसतात, तीच सरांनी फळ्यावर सन्मानानं लिहिली आणि तिच्याखाली 'आय ॲम गोइंग टू यवतमाळ टुमॉरो' लिहिलं. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी जड जातं, असं त्या दिवसापासून मला कधी पटलं नाही.

वेळापत्रकासाठी साधा वर्तमानकाळ. तेव्हा मूर्तिजापूर ते यवतमाळ शकुंतला रेल्वे धावायची, कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेल्या नॅरोगेज रुळांवरून, दारव्ह्यावरून. 'द ट्रेन लीव्ह्ज टुमॉरो मॉर्निंग.' गाडी आता बंद आहे, त्यामुळे मी एसटीचं उदाहरण घेते.

शॅलचा तक्ता आम्ही परीक्षेपुरता ठेवला. आय आणि वीसोबत शॅल हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली मांडला होता. आज बोलण्यात 'शॅल आय ओपन द डोअर?' अशा विचारण्यातच तो खरा उरला आहे.

उरलेली दोन रूपं सरांनी सणावारांवर बसवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला म्हणायचं, उद्या या वेळी आम्ही बैल घेऊन तोरणाखाली उभे असू: 'वी विल बी स्टँडिंग'. त्या क्षणी काम चालूच असणार. आणि दिवाळीपर्यंत सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन पहिली वेचणी उरकलेली असेल: 'बाय दिवाळी, वी विल हॅव पिक्ड द फर्स्ट कॉटन'. 'बाय' आला की हे रूप शोधा, एवढं सांगून ते पुढे गेले.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी एका वाक्याला दिला: 'व्हेन द रेन कम्स, वी विल सो.' पाऊस अजून यायचा आहे, तरी 'व्हेन'च्या मागोमाग 'विल' नाही. इफ, अनटिल, बिफोर, ॲज सून ॲज, सगळ्यांना हाच नियम. आपणही 'पाऊस येईल की पेरू' म्हणत नाही, 'पाऊस आला की पेरू' म्हणतो, एवढी आठवण त्यांनी करून दिली. मृग कोरडा गेला त्या वर्षी याच साच्यात वर्गानं दुबार पेरणीचं वाक्य केलं: 'इफ द सीड्स फेल, वी विल सो अगेन.' कित्येकांच्या घरी तेव्हा तीच चिंता होती, म्हणून सरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. प्रत्येकाला आपल्या वावराबद्दल एकेक वाक्य करायला लावलं आणि शांतपणे सगळी ऐकली.

परीक्षेत मुलांचे गुण अजूनही याच जागी जातात. सर रोज एका बाकाकडून असं वाक्य म्हणवून घेत. मीही घेते.