पुढचा मुक्काम कुठे, हे ठरतं कसं?

क्रोएशियाच्या किनाऱ्याने सायकलवरून एकटीच अल्बानियापर्यंत गेले, हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला भीतीचा. त्याचं उत्तर छोटं आहे: बोगद्यात मागून येणाऱ्या ट्रकची वाटते, माणसांची फारशी नाही. दुसरा प्रश्न, पुढे कुठे जायचं हे आधी ठरवून निघता की जाल तिथे? याचं उत्तर जरा लांबतं, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मुक्काम मी आधी ठरवत नाही. किनाऱ्यावरून सायकलसकट बाहेर कुठून पडता येईल, ते मात्र घरूनच पाहून ठेवते. स्प्लिटहून रात्रीची बोट इटलीत अँकोनाला जाते. डुब्रोव्हनिकहून इटलीतल्याच बारीला जाते, पण ती मोसमी. आणखी खाली मॉन्टेनेग्रोचं बार आणि अल्बानियाचं ड्युरेस, तिथूनही बोटी बारीलाच. (बारहून बारी. तिकीट काढताना नीट बोला.) रेल्वेवर विसंबू नका. किनाऱ्याला धरून रूळच नाहीत, आणि डुब्रोव्हनिकची गाडी 1976 मध्ये बंद झाली ती झालीच. बसच्या पोटात सायकल जाते, पण ड्रायव्हरच्या मर्जीने आणि वेगळे पैसे मोजून.

या बंदरांच्या मधलं सगळं वाऱ्यावर सोडलेलं असतं, अगदी शब्दशः. इथे प्रत्येक वाऱ्याला नाव आहे. बुरा ईशान्येकडून, वेलेबित डोंगरावरून खाली कोसळतो. कोरडा, थंड, झोताझोताने येणारा. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो आणि वाहतूकही उजवीकडून चालते, म्हणजे समुद्र आणि तुमच्यामध्ये एकही गाडी येत नाही. म्हणूनच सगळे हीच दिशा सुचवतात, आणि मीही सुचवेन. फक्त बुराही डोंगराकडून समुद्राकडेच ढकलतो, तुम्हाला थेट कठड्याकडे. हिवाळ्यात या भागात ताशी 200 किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले आहेत. उन्हाळ्यात त्याचा जोर उतरतो, तरी सायकल धरून रस्त्याकडेला उभं राहण्याइतका उरतोच. सेन्य ते कार्लोबाग हा पट्टा त्याच्या ऐन तोंडावरचा, आणि तिथे वस्तीही विरळ. क्रोएशियाच्या ऑटो क्लबच्या माहितीत दुचाकींना रस्ता बंद असं दिसलं, की मी त्या दिवशी हलतच नाही. वारा पडलेला असेल तर प्रिझ्नाहून फेरीने पाग बेटावर जाते आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या पुलावरून झादरकडे निघते. डोंगराच्या पायथ्याचा उरलेला रस्ता त्यामुळे टळतो.

युगो हा आग्नेयेचा दमट वारा. तो दिवसेंदिवस चढत जातो, आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या नेमका तोंडावर येतो. माएस्त्राल मात्र आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला खारा वारा: उन्हाळ्यातल्या दुपारी वायव्येकडून, पाठीवर हात ठेवल्यासारखा. ऊन सोसत असेल तर चढ सकाळी उरकावेत आणि लांबचा पल्ला त्याच्या भरवशावर ठेवावा.

मुक्कामाचं फार सांगण्यासारखं नाही. उघड्यावर तंबू ठोकायला क्रोएशियात बंदी आहे आणि दंड होतो. कॅम्पिंगच्या जागा बहुतेक उन्हाळ्यापुरत्याच उघड्या असतात, आणि ऐन हंगामात एका रात्रीसाठी खोली द्यायला घरमालक कुरकुरतात.

खरी डोकेफोड व्हिसाची. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला. 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 हा नियम तिथेही लागू झाला, पण भारतीय पासपोर्टवर त्याहून कमी दिवस मिळू शकतात. व्हिसाची मुदत आणि राहण्याचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात, आणि आल्याचा नि गेल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. त्यात किनाऱ्याच्या मधोमध न्यूम, म्हणजे बोस्नियाची वीसेक किलोमीटरची पट्टी. सिंगल एंट्री व्हिसावर तिथे शिरलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, पुढे डुब्रोव्हनिकला जायची वाट बंद. 2022 मध्ये न्यूमला वळसा घालून पेल्येशाच द्वीपकल्पावर नेणारा पूल झाला आणि गाड्यांची यातून सुटका झाली. सायकलवर मी प्लोचेहून त्याच द्वीपकल्पावरच्या त्रपान्यला जाणारी फेरी घेते. सुटका तर होतेच, शिवाय वाटेत द्राक्षमळे लागतात आणि शेवटी स्टोनची मिठागरं. मुख्य रस्त्यापेक्षा कितीतरी छान.

अर्जासोबत मात्र मुक्काम आणि परतीचं तिकीट दाखवावंच लागतं, त्यामुळे रद्द करता येतील अशीच बुकिंग करते.

त्यापुढे हिशेब आपल्या बाजूने वळतो. चालू शेंगेन व्हिसा असला की मॉन्टेनेग्रोत थोड्या दिवसांसाठी जाता येतं. अल्बानियाला तो मल्टिपल एंट्री आणि आधी वापरलेला लागतो. (नियम बदलतात, निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या.) या दोन देशांतले दिवस शेंगेनच्या खात्यात धरले जात नाहीत. म्हणून क्रोएशियात मी जरा घाई करते आणि इथे रेंगाळते. मॉन्टेनेग्रोत कोटोरच्या खाडीवर फेरीने काही मिनिटांत पलीकडे जाता येतं, तरी मी पूर्ण वळसा घालते. अल्बानियातला ल्योगाराचा घाट समुद्रापासून हजार मीटरवर चढतो, तो एका दमात उरकायचा हट्ट धरत नाही.

अल्बानियातल्या सारांडाला पोचल्यावर उरलेले दिवस मोजते. समोर ग्रीसचं कोर्फू बेट, म्हणजे पुन्हा शेंगेन. मल्टिपल एंट्री आणि दिवस दोन्ही शिल्लक असतील तर ग्रीस. नसतील तर बारीची बोटही उपयोगाची नाही, कारण तिथेही शेंगेनचाच दरवाजा. मग तिरानाहून विमान. त्यासाठी सायकलच्या दुकानात पुठ्ठ्याचं खोकं आधी सांगून ठेवावं लागतं, आणि पेडल काढायला पाना आपला असलेला बरा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तेवढं लक्षात ठेवा.